लांब पंख, ओलं पोट

पाण्यावरून उठणाऱ्या विमानांची गोष्ट इंजिनापासून नव्हे, ग्लायडरपासून सुरू होते. 8 जून 1905 रोजी पॅरिसजवळ सीन नदीत गाब्रिएल व्वाझाँ एका ग्लायडरवर चढून बसला. पेटीपतंगाच्या धाटणीचं ते यान दोन फ्लोटवर तरंगत होतं. इंजिन होतं, पण पुढे उभ्या असलेल्या मोटरबोटीत. बोटीनं दोर ओढला, ग्लायडर पाण्यावरून सुटलं आणि दीडेकशे मीटर हवेतून जाऊन पुन्हा नदीत टेकलं. पुढच्याच महिन्यात लुई ब्लेरिओसाठी बांधलेलं तसलंच दुसरं ग्लायडर नदीत कोसळलं आणि व्वाझाँ बुडता बुडता वाचला. विमानानं इंग्लिश खाडी ओलांडून 1909 मध्ये जगभर गाजलेला ब्लेरिओ तो हाच.

स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर पाण्यातून उठायला आणखी पाच वर्षं जावी लागली. 28 मार्च 1910 रोजी दक्षिण फ्रान्समध्ये मार्तीग गावाजवळच्या बेर सरोवरातून आंरी फाब्र उडाला. इंजिन 50 अश्वशक्तीचं, अंतर अर्ध्या किलोमीटरपेक्षा कमी. त्या दिवसापर्यंत फाब्रनं विमान कधी चालवलंच नव्हतं! पहिलं उड्डाण आणि तेही कुणी न केलेल्या प्रकाराचं, असा दुहेरी धडा त्यानं एका दमात गिरवला. पुढे 101 वर्षांचं आयुष्य जगून तो 1984 मध्ये गेला.

आता ग्लायडर आणि पाण्यातून उठवणारं इंजिन, या दोन गोष्टी एकाच यानात आणायच्या. मोटर-ग्लायडर स्वतःच्या इंजिनानं वर चढतं, मग इंजिन बंद करून लांब पंखांवर तरंगत राहतं. एक किलोमीटर उंचीवरून सेस्ना 172 इंजिनाविना साधारण नऊ किलोमीटर जाते. चांगलं मोटर-ग्लायडर पंचवीस-तीस किलोमीटर जातं आणि जर्मनीचं स्टेम्मे एस-10 तर पन्नासच्या घरात. अशा यानाला तळ्यातून उडवायचं ठरवलं की भांडण सुरू होतं. ग्लायडरला जे हवं ते पाण्याला चालत नाही आणि पाण्याला जे हवं त्यानं ग्लायडरची चाल बिघडते. म्हणूनच विमानांच्या आराखड्यांत मला याच्याइतकं रंगतदार दुसरं काही वाटत नाही.

पाणी सोडत नाही

ग्लेन कर्टिसच्या ‘जून बग’ विमानानं 4 जुलै 1908 रोजी अमेरिकेत बक्षीस मिळवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला दोन फ्लोट बसवून, ‘लून’ असं नाव देऊन क्यूका सरोवरात उतरवलं. वेगानं ताशी चाळीस किलोमीटरचा आकडा ओलांडला, पण ‘लून’ काही पाण्यातून सुटलं नाही. जमिनीवरून छान उडणाऱ्या विमानाला पाण्यानं धरून ठेवलं.

कारण तळाशी आहे. गोलसर तळाखालून पाणी वेगानं धावायला लागलं की तिथला दाब उतरतो आणि तळ खाली ओढला जातो. ओल्या फरशीवर बसलेली काच उचलायला जा, तशीच ओढ हाताला लगेच कळते. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन, त्यामुळे ओढ किरकोळ नसते.

उपाय दिसायला अगदी साधा आहे. तळाला मध्येच एक आडवी पायरी पाडायची. कर्टिसच्या उडत्या बोटीला ती 1912 मध्ये मिळाली आणि तेव्हापासून उडत्या बोटींच्या पोटाखाली ती आजतागायत आहे. पायरीपर्यंत पाणी तळाला चिकटून येतं, तिथे तळ एकदम वर उचललेला असतो, त्या फटीत हवा शिरते आणि पाणी मागच्या तळापासून तुटतं. मागचा अर्धा तळ कोरडा होतो. विमान आता पुढच्या अर्ध्या भागावर सरकतं, आणि हवं तेव्हा नाक वर करून सुटू शकतं.

पायरीची खोली असते काही बोटांची. जागा मात्र फार जपून ठरवावी लागते: विमानाच्या वजनाचा मध्य जिथे येतो, त्याच्या किंचित मागे. पायरी फार मागे सरकली तर उडायच्या क्षणी नाक वर येत नाही. फार पुढे गेली तर विमान पाण्यावर नाक वरखाली करत उड्या मारायला लागतं आणि प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी होत जाते.

डास पुसणारी माणसं

ग्लायडरवाल्यांना ही पायरी किती बोचत असेल, ते कळायला त्यांच्या सवयी माहीत हव्यात. पंख जिथे धडाला जोडलेला असतो तिथली फट ते प्रत्येक उड्डाणाआधी चिकटपट्टीनं बंद करतात. स्पर्धेच्या ग्लायडरवर तर उडता उडता पंखाची पुढची कड पुसणारं यंत्र असतं: दोरीला बांधलेला छोटा पुसणा पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत जातो आणि चिकटलेले डास-चिलटं खरवडून परत येतो! गुळगुळीत पंखावर चार किडे मेले तरी हवेचा प्रवाह बिघडतो, म्हणून हा खटाटोप.

चिलटाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाला आता सांगायचं, की बाबा रे, पोटाखाली एक आडवा कंगोरा ठेव, बाजूंना पाणी खाली दाबणाऱ्या पट्ट्या लाव, आणि धडही होडीएवढं रुंद कर. वर आणखी एक त्रास: पाण्याचे तुषार पंखाच्या त्याच नाजूक कडेवर बसतात आणि उचल नेमकी उड्डाणाच्या वेळी कमी होते.

इंजिन टेकाडासाठी घ्यायचं

जमिनीवर धावणाऱ्या विमानाला सुरुवातीला फारसं कुणी अडवत नाही. पाण्यावर उलटं असतं. आधी विमान होडी असतं. मग वेग वाढतो, नाक वर चढतं, शेपूट बसते, पुढे पाण्याचा ढीग होतो आणि विरोध वाढत वाढत जातो. उड्डाणाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास तो शिगेला पोहोचतो. या टेकाडावरून विमान पलीकडे गेलं की ते पायरीवर येतं, विरोध घटतो आणि पुढचं सोपं होतं.

म्हणजे तळ्यातल्या मोटर-ग्लायडरचं इंजिन आकाशासाठी निवडायचं नाही, या टेकाडासाठी निवडायचं. हवेत टिकायला त्याला पाव ताकदही पुरते, पण टेकाड चढलं नाही तर ते आयुष्यभर होडीच राहील.

इथे मात्र लांब पंख मदतीला धावतात. ते कमी वेगातच वजन उचलू लागतात, तळ लवकर हलका होतो. उतरतानाही हाच लाभ. धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गानुसार वाढतो, त्यामुळे ताशी 100 किलोमीटरऐवजी 70 नं टेकलात तर धक्का जवळजवळ निम्मा. भांडणातली ही एक बाब अशी, की दोन्ही बाजू खूश.

पाण्यातून सुटायची ही धडपड पाहायची तर हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर चांदवे उडताना बघा. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. पंख फडफडवत तो आधी पाण्यावर चक्क पळतो, पाय पटापट आपटत, मागे फेसाची रेघ सोडत, आणि मगच सुटतो. अमेरिकेत मोल्ट टेलरनं घरच्या घरी बांधता येईल असं पाण्यावरचं विमान आखलं, त्याला नाव दिलं ‘कूट’, म्हणजे हाच चांदवा. त्याचे पंख इतके खाली बसवलेले, की मुळाशी ते जवळजवळ पाण्याला टेकतात आणि डोलणारं विमान सावरून धरतात.

कागदावरचा एक हिशेब

मोटर-ग्लायडर कुणाला म्हणायचं, याचा युरोपीय नियम एका ओळीत मावतो: वजन किलोग्रॅममध्ये घ्या, पंखांच्या लांबीच्या वर्गानं भागा, उत्तर 3 पेक्षा जास्त येता कामा नये. पाण्यावरचं दोन आसनी यान 600 किलोचं झालं, तर पंख 14 मीटरहून थोडे जास्तच लागतात. होडीचा तळ, चाकं आणि ती वर घ्यायची यंत्रणा धरून वजन 750 वर गेलं, तर जवळजवळ 16 मीटर.

आणि हे 16 मीटरचे पंख डोलत्या पाण्यावर तोलायचे आहेत. पंख पाण्यापासून दीड मीटर वर आहे असं समजा. एका बाजूला साडेदहा अंश कलला की टोक पाण्यात. 10 मीटरच्या पंखांना याच उंचीवर साडेसोळा अंशांची मोकळीक असती. वेगात टोक पाण्यात घुसलं तर विमान त्याच टोकाभोवती गर्रकन फिरतं. म्हणून पंखांच्या टोकांना छोटे फ्लोट लावा, ते हवेत वर दुमडा, किंवा धडालाच दोन्ही बाजूंनी आखूड तरंगते पंख काढा. शेवटची युक्ती क्लॉड डॉर्नियरची. त्याच्या ‘वाल’ उडत्या बोटींनी ती जगभर फिरवली.

सागरी गरुड

चौथी युक्ती हान्स याकोब्सनं वापरली आणि माझ्या डोळ्यांना तीच सगळ्यात देखणी वाटते. 1935 मध्ये त्यानं जर्मनीत ‘झेआडलर’, म्हणजे सागरी गरुड, नावाचं पाण्यावरचं ग्लायडर बनवलं. पंख धडापासून आधी तिरके वर चढतात आणि मग आडवे होतात, अगदी समुद्रपक्ष्याच्या मोडीचे. त्यामुळे टोकं लाटांपासून उंच राहतात. पोट होडीचं, पायरीसकट. चाचण्या केल्या हान्ना राइटशनं, वेगवान मोटरबोटीच्या दोरावर. अशा ओढण्यात दोर हा स्वतःच एक शत्रू असतो: जरा सैल पडून पाण्यात बुडाला की पाणी त्याला मागे खेचतं, आणि तो ताण नाकावर येतो. ‘झेआडलर’ एकच बनलं. त्यात स्वतःचं इंजिन असतं तर हा दोर सुटला असता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन दलानं पॅसिफिक बेटांवर सैनिक उतरवायला बारा आसनी, पाण्यात उतरणारी ग्लायडरं करून पाहिली. 1943 मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला.

ग्लायडरवाले पाण्याकडे वळतात

जर्मनीच्या ऱ्होन टेकड्यांवरच्या ग्लायडर स्पर्धांचा जनक ऑस्कर उर्झिनुस. त्यानं 1916 मध्ये, म्हणजे त्या स्पर्धांच्या चार वर्षं आधी, एक जलविमान आखलं होतं आणि त्याचे फ्लोट हवेत वर ओढून घेता येत. बहुतेक विमानांची चाकंही तेव्हा आत जात नव्हती!

त्याच टेकड्यांवर नाव काढलेला अलेक्झांडर लिपिश पुढे पाण्याच्या अगदी लगत उडणाऱ्या यानांमागे लागला. पंख पाण्याच्या जवळ असला की त्याच्या टोकाशी होणारे भोवरे नीट वाढू शकत नाहीत आणि उडायला कमी ताकद लागते. त्याच्या एक्स-113 यानानं 1970 मध्ये बोडेनझे सरोवरावर हे करून दाखवलं. लांब पंखांच्या मोटर-ग्लायडरला ही सवलत उडताना आणि उतरताना आपोआप मिळते. उतरताना ती जरा जास्तच मिळते: यान टेकायलाच तयार नसतं, तरंगत तरंगत तळं संपत येतं. हवारोधक पट्ट्या पंखावर उघडूनच त्याला खाली बसवावं लागतं.

पंखा कुठे ठेवायचा?

नाकावर नको. तुषार थेट पात्यांवर येतात, आणि फिरत्या पात्याला पाण्याचा थेंबही कुरतडतो. स्टेम्मेचं नाक उघडून बाहेर येणारा घडीचा पंखा जमिनीवर अप्रतिम, पण तळ्यात त्याला जागा नाही.

ग्लायडरवाल्यांकडे याचं उत्तर 1935 पासून तयार आहे. इंग्लंडमध्ये कार्डन आणि बेन्स यांनी ‘स्कड-3’ ग्लायडरमध्ये 249 सीसीचं मोटरसायकलच्या जातीचं व्हिलिअर्स इंजिन बसवलं. ताकद 9 अश्वशक्ती. इंजिन पायलटच्या मागून दांड्यावर वर यायचं, काम झालं की पोटात जायचं. आजची कितीतरी ग्लायडरं याच पद्धतीनं उठतात. पंखा डोक्याच्या वर, म्हणजे तुषारांपासूनही दूर. किंमत एकच: जोर उंचावरून लागतो, म्हणून थ्रॉटल पुढे केलं की नाक खाली झुकतं आणि मागे घेतलं की वर येतं. नव्या पायलटला नेमकी उलटी अपेक्षा असते. तेव्हा इंजिनाचा दांडा शक्य तितका आखूड ठेवायचा, पण पात्यांना पाणी लागणार नाही इतपतच.

पोटाखाली पातं

पायरीच नको असेल तर? पाण्याखाली छोटे पंख लावायचे. पाणी इतकं घन, की वीतभर पात्यालाही मोठी उचल मिळते. अलेसांद्रो ग्विदोनीनं इटलीत 1911 च्या सुमारास जलविमानाला अशी पाती लावली. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल वयाच्या सत्तरीत याच नादाला लागला होता. त्याच्या आणि केसी बाल्डविनच्या एचडी-4 बोटीनं 1919 मध्ये कॅनडात ताशी 114 किलोमीटरचा विक्रम केला. कॉन्व्हेरचं ‘सी डार्ट’ तर पाण्यावर स्की टाकून धावायचं. 1954 मध्ये उतरत्या झेपेत त्यानं स्वनवेग ओलांडला आणि असं करणारं ते आजवरचं एकमेव जलविमान आहे.

पाण्याखालच्या पात्यांची कल्पना फ्रान्सच्या ‘अकोया’ विमानात आली. लांब निमुळते पंख, पंखा शेपटीपाशी उंचावर आणि पोटाखाली दोन छोटी पाती. त्यामुळे तळ पायरीविना सडपातळ राहिला. ग्लायडर आणि होडीच्या तंट्यात ग्लायडरला इतकी सूट देणारा आराखडा माझ्या माहितीत दुसरा नाही.

आरसा झाला तर संकट

नवख्याला वाटतं, पाणी जितकं शांत तितकं बरं. अनुभवी पायलट निवांत, काचेसारख्या तळ्याला बिचकतो. खाली आभाळ दिसतं, पृष्ठभाग दिसत नाही आणि आपण दहा मीटरवर आहोत की एक, ते डोळ्यांना सांगता येत नाही. मग किनाऱ्याच्या जवळून, थोडं इंजिन चालू ठेवून, मिनिटाला दीडशे फुटांच्या बेतानं उतरत राहायचं आणि पाणी स्वतःहून लागेपर्यंत काहीही बदलायचं नाही. उठतानाही बारीक लाटा बऱ्या, त्यांच्यातून तळाखाली हवा शिरते.

ब्रेक नाहीत, शीड आहे

पाण्यावर ब्रेक नसतात. इंजिन सुरू झालं की यान निघालं. धक्क्याला लावताना म्हणून पायलट पुष्कळदा इंजिन बंद करतो, नाक वाऱ्यात ठेवतो आणि पंखांच्या पट्ट्या व शेपटीचं सुकाणू वापरून वाऱ्याबरोबर मागे मागे सरकत हव्या त्या जागी येतो. सोळा मीटरचे पंख असले की हे शीड फारच मोठं होतं. त्यात धक्क्यावर शेजारी दोन होड्या बांधलेल्या असल्या, तर पंख दुमडायची सोय नसलेल्या यानाला तिथे जागाच नाही. वजन वाढलं तरी बिजागरी हवीच, असं माझं ठाम मत आहे.

चाकांबद्दल एकच सांगतो. जमीन आणि पाणी दोन्हीकडे उतरणाऱ्या विमानाची चाकं धावपट्टीवर वर राहिली तर तळ खरवडतो. पाण्यात ती खाली राहिली तर विमान पालथं होतं. म्हणूनच पायलट चाकांची स्थिती प्रत्येक वेळी मोठ्यानं बोलून दाखवतात, विमानात एकटे असले तरी.

पाणी पंखातही

ग्लायडर आणि पाण्याची तशी जुनी ओळख आहे. स्पर्धेची ग्लायडरं पंखांत दीड-दोनशे लिटर पाणी भरून उडतात. जड झालेलं यान तितक्याच अंतरात जास्त वेगानं जातं. उतरायच्या आधी पाणी सोडून देतात, तेव्हा पंखांमागे दोन पांढऱ्या रेघा ओढल्या जातात. इकडे आग विझवणारं कॅनडेअर सीएल-415 तळ्यावरून सरकता सरकता बारा सेकंदांत सहा हजार लिटरहून जास्त पाणी उचलतं. मग तळ्यातून उठणाऱ्या मोटर-ग्लायडरनं आपलं पाणी स्वतःच का उचलू नये? पोटाखाली बोटभर नळी पुरे. फक्त पाणी गोडं हवं. खाऱ्या पाण्यानं धातूचे सांधे आतून खाल्ले तर बाहेरून पत्ताही लागत नाही.

उडायचं कुठे?

दुपारी तळ्याच्या मधोमध वर नेणारी हवा मिळत नाही. पाणी थंड, तापलेली जमीन काठावर. त्यामुळे तळ्यातून उठलेल्या यानाला काठावरच्या डोंगरापर्यंत इंजिन लागतंच, आणि तिथे पोचल्यावर ते बंद करता येतं. अशा जागा जगात मोजक्याच आणि सुंदर आहेत. इटलीत कोमो सरोवर, आल्प्सच्या कुशीत, जिथे जलविमानांचा जुना क्लब आजही चालतो. फ्रान्समध्ये बूर्जे सरोवर, ‘अकोया’चं घर, पश्चिमेला थेट पाण्यातून उठल्यासारखा मों द्यु शा डोंगर.

समुद्रकाठी वेगळी संधी असते. दुपारचे खारे वारे आत शिरून तापलेल्या हवेखाली घुसतात आणि जिथे दोन्ही भिडतात त्या रेषेवर हवा वर चढते. ग्लायडरवाले या अदृश्य रेषेवर किनाऱ्याला समांतर मैलोन्‌मैल जातात.

डिसेंबर 2017 मध्ये गिरगाव चौपाटीसमोर कोडिअ‍ॅक जलविमानाची चाचणी झाली, तेव्हा मुंबईकरांनी पाण्यावरचं विमान जवळून पाहिलं. पुणेकरांना हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे ग्लायडरची ओळख कधीपासूनची. मुळशीचं पाणी ताम्हिणीच्या कड्यांपासून दूर नाही. पाण्यावरून सहाशे मीटर चढून इंजिन बंद केलं आणि यानाची घसरण फक्त पंचवीसास एक धरली, तरी शांत हवेत पंधरा किलोमीटरचा पल्ला हातात राहतो. पश्चिमेचा वारा कड्याला धडकून वर चढत असेल, तर तिथे पोचून थांबता येईल, आणि वारा पडलाच तर परत तळ्यात उतरायला उंची शिल्लक असेल.